गारपिटीनंतर: ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचं काय?

द्राक्षवेल | 29 नोव्हेंबर 2023, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. इथं बरेच जण नाशिक जिल्ह्यातले आहेत म्हणून हा धागा काढतेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

रविवारी 26 तारखेला निफाड तालुक्यात काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल. आमची दोन एकर थॉमसन द्राक्षं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेली, पन्नासेक दिवसांची बाग, मणी नुकते बाजरीएवढे झालेले. वीस मिनिटांत पानं नाहीत, घड नाहीत, काड्यांवर नुसत्या जखमा. आप्पा तारेला धरून उभे होते, बोलतच नव्हते. ते दुःख आहेच. पण काल पंचनाम्याला माणसं येऊन गेली, आमचं नाव लागलं, गट नंबर लागला, फोटो झाला. थोडंफार का होईना पण खात्यावर काहीतरी येईल.

माझ्या मनाला लागून राहिलंय ते दुसरंच. आमच्या मळ्यामागं पाटाच्या कडेला मजुरांची टोळी उतरलीय, सुरगाणा तालुक्यातली अकरा कुटुंबं. भाताची कापणी उरकून, घरी दिवाळी करून आली, येऊन दहा दिवस पण झाले नव्हते. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी काढणं, शेंडा मारणं, फेल म्हणजे जादा फुटी काढणं ही सगळी कामं हीच माणसं करतात, एकरी ठेक्यानं. आमच्या आणि शेजारपाजारच्या मिळून सतरा-अठरा एकरांचं काम त्यांनी धरलं होतं, मार्चपर्यंत पुरलं असतं. आता त्यातलं दोन एकर पण उरलेलं नाही.

सोमवारी सकाळी चहाची किटली घेऊन गेले तर पालांवरचा निळा कागद चाळणीसारखा झालेला. एक मावशी परातीत नागलीचं पीठ पसरून बसलेल्या, पीठ भिजून त्याचे गोळे झालेले आणि त्या एकेक गोळा बोटांनी फोडून उन्हात सारत होत्या, ऊन तरी कुठं होतं धड. शेजारी मुकादम चुलीजवळ बसून वही सुकवत होता. शंभर पानी, कव्हर नसलेली वही, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं दिवाळीआधी घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. कुणाची आठ हजार, कुणाची पंधरा. शाई पसरली होती. तो एकेक पान आचेवर धरत होता आणि मी विचारलं दादा आता काय करणार तर म्हणाला, ताई घरी जाऊ म्हटलं तरी ही वही घेऊनच जायचीय ना.

पंचनाम्याच्या कागदात पिकाचा रकाना आहे, क्षेत्राचा आहे, जनावराचा, घराचा आहे. बुडालेल्या कामाच्या दिवसांचा नाही. या लोकांसाठी नक्की काय करता येईल, आणि नुसतं आठवडाभर नाही तर त्यांचं परत बस्तान बसेपर्यंत, हे मला इथल्या जाणत्या लोकांना विचारायचंय.

दादरकर | 29 नोव्हेंबर 2023, रात्री 11:15

वाचून फार वाईट वाटलं. आमच्या सोसायटीतून जुने कपडे, ब्लँकेटं, भांडी गोळा करून टेम्पोनं पाठवू शकतो, दोन दिवसांत होईल. पत्ता कळवा.

गटाची_ताई | 30 नोव्हेंबर 2023, सकाळी 7:05

दादरकर दादा, तुमची भावना खरी आहे म्हणूनच स्पष्ट सांगते, राग मानू नका. ब्लँकेटं पाठवा, चांगली ताडपत्री पाठवा, जुने कपडे नको. 2019 च्या पुरानंतर गोदाकाठच्या एका गावात आम्ही बचत गटाच्या बाया चार दिवस नुसते कपडे निवडत बसलो होतो, त्यात पार्टीचे ड्रेस होते, फाटके बनियन होते, आणि ज्या बाईचं घर चिखलानं भरलं होतं ती कपड्यांच्या ढिगापाशी उभी राहून विचारत होती की खराटा आणि बादली कुणी आणलीय का.

त्याच पुरानंतरची अजून एक गोष्ट. एका देणगीदारांनी एकाच वस्तीत नऊ शिलाई मशीन दिली, फोटो झाले, पेपरात आलं. नऊ बायांत शिवता येणाऱ्या दोघी. आणि साठ घरांच्या वस्तीत किती ब्लाऊज शिवून होणारेत? सहा महिन्यांत सहा मशीन विकली गेली, ती पण निम्म्या भावात. बायांनी मशीन विकली याचा मला राग नाही, त्यांना त्या वेळी पोरांची फी भरायची होती. राग याचा की मशीन आणायच्या आधी त्यांना कुणी विचारलंच नाही. तेव्हा द्राक्षवेल ताई, एक गोष्ट पहिली करा, त्या अकरा घरांतल्या बायांशी वेगळं बसून बोला, मुकादम समोर नको, आपले पुरुष पण नको. मग कळेल काय हवंय ते.

बागायतदार_दिंडोरी | 30 नोव्हेंबर 2023, दुपारी 1:20

सगळे मजुरांचं बोलताय ते ठीक आहे पण शेतकऱ्याचं काय? एकरी तीन लाखाच्या पुढं खर्च जातो, तो सगळा खर्च होऊन बसल्यावर गार पडते. उचल दिली ती आमच्याच खिशातून दिलीय, बँकेचं व्याज आमच्याच डोक्यावर. आणि शेतकऱ्यानंच मजुराला पण सांभाळायचं? 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हापासून बघतोय, दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी आहेच, ऑक्टोबर 2019 ला पावसानं वेलींवर डावणी रोग आला आणि बागा गेल्या. आता आम्ही माणसं नाही का.

द्राक्षवेल | 30 नोव्हेंबर 2023, दुपारी 2:45

दादा, तुमचा एकेक शब्द खरा आहे, आमच्या घरात आत्ता तेच चाललंय, आप्पांनी दोन दिवस नीट जेवण केलेलं नाही. मी शेतकऱ्यानं एकट्यानं सांभाळावं असं म्हणत नाहीये. पण तुमच्या-माझ्या नावावर निदान जमीन आहे, पुढच्या छाटणीला कुणीतरी उधार औषध देईल, दुकानदार ओळखतो. त्यांना ओळखणारा इथं फक्त तो मुकादम आहे.

फाइलवाला | 30 नोव्हेंबर 2023, रात्री 8:30

महसुलात तीस वर्षं काढली, निवृत्त आहे. थोडं कागदाचं सांगतो, म्हणजे कुठं काय मागायचं ते कळेल.

बागायतदार भाऊ, तुमच्यासाठी आधी. फळपीक विमा किंवा पीक विमा काढला असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची असते, रविवारची गारपीट म्हणजे मुदत बुधवारीच संपली, ज्यांनी ॲपवर किंवा टोल फ्रीवर कळवलंय त्यांनी तक्रार क्रमांक जपून ठेवा. शासकीय मदत वेगळी, तिला विम्याची अट नाही, नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं. केंद्राच्या निकषात जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 आणि मर्यादा दोन हेक्टर, या वेळी मर्यादा तीन हेक्टर करतायत.

आता टोळीचं. शेळी-मेंढी गेली असेल तर 4,000, दुभती गाय किंवा म्हैस असेल तर 37,500. पण जनावर पुरायच्या आधी फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला पाहिजे, लोक घाईनं पुरतात आणि मग हातात काही राहत नाही. झोपडीला 8,000 आहेत. पण शेतकऱ्याच्या बांधावर टाकलेलं पाल झोपडी म्हणून लिहायचं का नाही यावर जागेवरचा माणूस अडतो, त्याला तोंडी विनवू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि जे फार कुणी मागत नाही ते सांगतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत, ज्यांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम झालाय अशा कुटुंबांना निर्वाहासाठी मदत द्यायचं एक कलमच आहे. त्यात सातबारा लागतो असं कुठंही म्हटलेलं नाही. आमच्या काळात याची मागणीच खालून येत नसायची, आणि मागणी आली नाही की वर प्रस्ताव जात नाही. अकरा कुटुंबांची यादी करा, नाव, आधार, मूळ गाव, किती माणसं कामाची, किती दिवसांचं काम बुडालं. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. मिळेलच असं मी सांगत नाही, पण कागद तहसीलला पोचला पाहिजे.

रेशनचं पण बघा. कार्ड सुरगाण्याचं असलं तरी निफाडच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, अंत्योदयला महिन्याला 35 किलो, प्राधान्यवाल्याला माणशी 5 किलो, आणि या वर्षी जानेवारीपासून ते फुकट आहे. दुकानदार नाही म्हणाला तर कुणीतरी गावातलं सोबत जा.

कांदाचाळ | 30 नोव्हेंबर 2023, रात्री 9:10

एक भर घालतो. आमच्याकडं येवल्याच्या बाजूला निमबटाईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं शेती करणारे खूप आहेत. जमीन मालकाची, मालक नाशिकला, ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरची पिकाची नोंद, मालकाच्या नावावर. कांद्याचं उळं म्हणजे बी टाकण्यापासून खतापर्यंत निम्मा खर्च बटाईदाराचा आणि मदत आली की ती जाते मालकाच्या खात्यावर. चांगला मालक निम्मी देतो, सगळे देत नाहीत. लिहून द्या म्हटलं की मालक घाबरतात, कूळ लागेल म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल म्हणून. माझ्या चुलत्याचं गेल्या एप्रिलच्या गारपिटीत हेच झालं.

गोदाकाठ | 1 डिसेंबर 2023, सकाळी 6:20

मी सायखेड्याच्या बाजूचा, वय बहात्तर. 2008, 2016, 2019 तिन्ही पूर अंगावर घेतलेत, चांदोरी-सायखेड्यात पाणी आलं की आधी दुकानं जातात मग घरं. पण मला आठवतो तो बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, नाला बंडिंगवर आणि खडी फोडायला जायचो, आई पण यायची. सुकडी मिळायची, मजुरी मिळायची. लोकांनी हात पसरले नाहीत, काम मागितलं. त्याच काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, 1977 साली कायदा झाला, देशात नंतर आला, आपल्या राज्यात आधी.

माझं म्हणणं एवढंच की पैसे गोळा कराल तर ते वाटू नका, त्याचं काम काढा. पडलेल्या बागेत काय कमी काम आहे? तुटलेल्या काड्या काढायच्यात, अँगल सरळ करायचेत, तारा ओढायच्यात, बोर्डोचं औषध मारायचंय. शेतकऱ्याकडं मजुरी द्यायला पैसा नाही म्हणून ते पडून राहणार. तिथं वर्गणीतून मजुरी द्या. दोघांचंही चालेल.

गटाची_ताई | 1 डिसेंबर 2023, सकाळी 7:40

काका, अनुमोदन. शंभर टक्के.

सुरगाण्याचा | 1 डिसेंबर 2023, रात्री 9:55

मी तिकडचाच. आईवडील वीस वर्षं द्राक्षाच्या कामाला जात होते, मी आश्रमशाळेत राहून शिकलो, आता नोकरीला आहे. धागा वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितो.

आमच्या लोकांना सगळे मजूर म्हणून बघतात. पण प्रत्येकाचं घरी थोडं तरी रान आहे, भात, नागली, वरई, खुरासणी. कितीतरी जणांची जमीन वनपट्ट्याची, म्हणजे जंगलातली कसत आलेली, दावा मंजूर झाला तरी सातबारा धड नावावर नाही, त्यासाठीच 2018 च्या मार्चमध्ये लोक नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले, माझे काका त्यात होते, पायाची सालं निघाली होती. पाऊस आमच्याकडं धो धो, आणि होळी झाली की प्यायला पाणी नाही. म्हणून लोक खाली येतात. चार महिन्यांच्या कमाईत काय काय बसतं सांगू? आषाढ-श्रावणातली खावटी म्हणजे खायचं धान्य, बियाणं, पोरांच्या वह्या, एखादं लग्न, दवाखाना. आत्ता हे पैसे बुडाले तर त्याचा मार डिसेंबरात नाही दिसणार, तो जुलैत दिसेल. तेव्हा घरात दाणा नसतो, सावकाराकडून एक पोतं घेतलं की दिवाळीला दीड पोतं द्यायचं. मग पुढच्या वर्षीची उचल आत्तापेक्षा मोठी. असं चढत जातं ते.

म्हणून तीन गोष्टी बोलतो. आत्ता पहिल्या पंधरा-वीस दिवसांत कुणी घरची शेळी, बैल, चांदीची कडी विकायला काढत असेल तर ते थांबवा, ते गेलं की परत येत नाही. दुसरं, गार पट्ट्यानं पडते, सगळीकडं नाही. ज्या गावांत बागा वाचल्या तिथं मजूर लागतीलच, तिकडं फोन लावा. तिसरं, रोजगार हमीचं जॉबकार्ड त्यांचं आमच्याकडच्या ग्रामपंचायतीत आहे, निफाडला चालणार नाही. रोहयोची, म्हणजे रोजगार हमीची 273 रुपये मजुरी द्राक्षापेक्षा कमी आहे पण घरी राहून मिळते. काम मागायचा नमुना 4 भरून तारखेची पोच घेतली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. पण 1 जानेवारीपासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यावरच येणार आहे, कितीतरी बायांचं आधार आणि कार्डावरचं नाव जुळत नाही, ते आधी तपासा.

बागायतदार_दिंडोरी | 2 डिसेंबर 2023, सकाळी 8:15

काल रात्री हे वाचलं आणि झोप आली नाही. माझी खालची बाग गेली पण वरची तीन एकर वाचलीय, मेव्हण्याच्या गावाला तर गारच नाही. त्याच्याकडं थिनिंगला माणूस मिळत नाही म्हणून परवा ओरडत होता. सहा-सात कुटुंबांचं काम आहे तिकडं, जानेवारी मध्यापर्यंत तरी. ताई मला फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय. गाडीभाडं मी देतो.

द्राक्षवेल | 3 डिसेंबर 2023, रात्री 11:30

दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आज सकाळी सहा कुटुंबं गेली, पालं सोडून, कोंबड्या पिशवीत घालून. उरलेली पाच इथं आहेत.

गटाची_ताई सांगतात तसं काल बायांसोबत बसले, पाटावर, कपडे धुता धुता. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक बोलायला लागली आणि मग थांबेचनात. त्यांना पैशापेक्षा आधी भीती होती ती उचलीची, की शेतकरी सामान अडवून ठेवेल का. दोघींनी पैंजण विकायला निफाडला माणूस पाठवला होता, त्याला फोन करून परत बोलावला. आणि गंमत म्हणजे वहीत कुणाच्या नावापुढं किती आकडा आहे हे अकरापैकी आठ जणींना माहितीच नव्हतं, नवऱ्यानं घेतली, मुकादमानं लिहिली.

मी अकाऊंटचं काम करते नाशिकला, तर मला जे येतं ते केलं. 26 कामाची माणसं, इकडंतिकडं मिळेल ते सोडून माणशी 65 दिवस बुडाले, दिवसाला 400 धरले तरी 6 लाख 76 हजार. हा आकडा कागदावर बघितल्यावर आप्पा म्हणाले, आपल्या दोन एकराच्या खर्चाएवढं त्यांचं पण गेलं की गं.

ठरलं ते असं. आठ शेतकऱ्यांनी उचल पुढच्या हंगामावर ढकलायची, व्याज नाही, सामान अडवायचं नाही. हे लिहून दोन प्रतींत, एक टोळीकडं. पाच जण लगेच तयार झाले, तिघांना दोन दिवस लागले. बाग साफ करायची मजुरी वर्गणीतून, पाच कुटुंबांना वीस दिवस. दादरकर, तुमच्या सोसायटीचे पैसे आले, ताडपत्र्या पण आल्या, पावत्या टाकते इथंच.

कांदाचाळ | 9 डिसेंबर 2023, दुपारी 12:00

काल कांद्याची निर्यातबंदी झाली, 31 मार्चपर्यंत. लासलगावला काल भाव कोसळला, लिलाव बंद पडले. गारेतून वाचलेला लाल कांदा पण आता मातीमोल. मजुरांना काढणीचं जे काम मिळणार होतं ते पण लोक लांबवतायत. एवढंच सांगायला आलो.

द्राक्षवेल | 14 जानेवारी 2024, सायंकाळी 6:10

संक्रांतीच्या आधल्या दिवशी लिहितेय. वीस दिवसांचं काम झालं. शासन निर्णय 1 जानेवारीला निघाला, बहुवार्षिकला हेक्टरी 36,000, तीन हेक्टरपर्यंत. आमच्या दोन एकराला जेमतेम 29 हजार बसतात. टोळीचा अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही.

आता पुढचं. वर्गणीतले 90 हजार शिल्लक आहेत. बायांनी स्वतः सांगितलं, सहा घरांना शेळ्या हव्यात, तिघांना पावसाळ्यासाठी धान्य, एकीला नवऱ्याच्या औषधाची थकलेली उधारी फेडायचीय, एक कुटुंब म्हणालं आम्हाला पाण्याचं इंजिन दुरुस्त करून द्या, नदीकाठी वावर आहे, उन्हाळी भाजी करू. शेळ्यांबद्दल जाणकारांनी सांगावं.

पशुमित्र | 15 जानेवारी 2024, रात्री 9:00

पशुवैद्यक आहे. शेळी चांगला पर्याय आहे, पाच महिन्यांत विते, दोन करडं बऱ्याचदा देते, अडचणीला विकता येते, बाईच्या हातात राहते. पण घाई करू नका. संगमनेर बाजारातून उस्मानाबादी आणायचा मोह होईल, दिसायला देखणी असते, ती कोरड्या भागातली आहे. सुरगाण्याच्या पावसात तिला चिखलात उभं केलं तर खुरं सडतात, छाती भरते. तिकडच्याच गावातून, तिकडच्याच रानात चरलेल्या घ्या. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस पावसाळ्याच्या आधी, जंताचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर. जमिनीपासून दोन हात उंच माच करून घ्या, बांबू तिकडं आहेच. आणि प्रत्येकीचा विमा उतरवून कानातला बिल्ला लावा.

द्राक्षवेल | 21 जुलै 2024, रात्री 10:20

बरेच दिवसांनी आले. मागच्या आठवड्यात सुरगाण्याला जाऊन आले, आवणी म्हणजे भाताची लावणी चालू होती, गुडघाभर चिखलात सगळ्या.

आधी आमची चूक. बारा शेळ्या घेतल्या त्यातल्या आठ तिकडच्याच होत्या, पण चार आम्ही बाजारातून आणल्या, कारण तिकडं मिळेनात आणि मला मार्चअखेर हिशोब बंद करायची घाई झाली होती. पशुमित्रांनी सांगितलं होतं तरी. त्या चारमधल्या तीन जूनमध्ये गेल्या. लस राहून गेली होती, गाडी ठरलेल्या दिवशी गेलीच नाही आणि मी पाठपुरावा केला नाही. ज्या मावशी पीठ वाळवत होत्या त्यांची पण एक गेली. त्या काही बोलल्या नाहीत, मलाच चहा दिला. विम्याचे कागद दोघींचे पूर्ण होते, एकीचा बिल्ला हरवलेला. ती एक शेळी मी माझ्या पगारातून घेऊन देतेय, हा दोष माझा आहे.

चांगलं सांगायचं तर इंजिनवाल्या घरानं मार्च ते मे भेंडी-मिरची केली, आठवडे बाजारात विकली, डोक्यावरची सावकाराची पाच हजाराची बाकी फेडली. धान्य घेतलेल्या तीन घरांनी ते सगळं खाल्लं नाही, बायांनी मिळून दोन पोती नागली बाजूला ठेवलीय, गावात ज्याला आषाढात लागेल त्यानं पोतं न्यायचं आणि दिवाळीला सव्वा पोतं आणायचं. दीड नाही, सव्वा. हे आमच्यातल्या कुणीच सुचवलं नव्हतं.

सुरगाण्याचा | 22 जुलै 2024, सकाळी 7:30

ताई, चूक उघड लिहिलीत ते बरं केलंत, पुढच्याला कामाला येईल. रोहयोचं सांगतो, मजुरी एप्रिलपासून 297 झालीय. आमच्या शेजारच्या पाड्यावर सिंचन विहिरीचं काम मिळालं, पण दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो लागतो आणि दरीत रेंज नाही, दोन आठवड्यांची मजुरी त्यात अडकली होती. लोकांनी लेखी तक्रार दिली, महिन्यानं सुटली.

गोदाकाठ | 22 जुलै 2024, सकाळी 8:00

सव्वा पोत्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

द्राक्षवेल | 17 नोव्हेंबर 2024, रात्री 9:45

टोळी परवा आली. अकरापैकी नऊ कुटुंबं. एक घर विहिरीच्या कामावर आणि शेळ्यांवर गावीच थांबलंय, एक गुजरातला गेलं, तिकडं उचल जास्त मिळाली म्हणे, त्यांचा फोन लागत नाही आणि मला त्याची काळजी आहे. पीठवाल्या मावशी आल्यात, शेळी सासूकडं ठेवून, ती गाभण आहे.

वही नवीन आणलीय, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मुकादमाची पोरगी आठवीत आहे, तिचं अक्षर सुंदर, ती लिहितेय आणि प्रत्येक आकडा लिहिला की त्या घरातल्या बाईला वाचून दाखवतेय. परवा लिहिता लिहिता तिनंच विचारलं, ताई, गार पडली तर काय करायचं ते कुठं लिहू? मी गप्पच झाले. मग आप्पा म्हणाले पहिल्या पानावर लिही. तर पहिल्या पानावर आता असं आहे, गारपिटीनं किंवा पावसानं काम गेलं तर उचल पुढच्या हंगामावर, व्याज नाही, सामान अडवायचं नाही, आणि दुसऱ्या गावाला किंवा घरी जायचं भाडं शेतकऱ्यांनी मिळून द्यायचं. आठपैकी सहा जणांनी सही केलीय. उरलेल्या दोघांकडं उद्या संध्याकाळी जायचंय, आप्पा सोबत येतायत.